किती दिसानं येते?

आरोग्याच्या तासाला फळ्यावर पाळीचा ‘२८ दिवस’ असा आकडा पडतो आणि वर्गातल्या कितीतरी मुली मनातल्या मनात नापास होतात. तोच विषय वर्धा-यवतमाळकडच्या एखाद्या अंगणवाडीत आशाताईनं दहा-बारा जणींना गोल बसवून काढावा, नुसतं “सांगा वं पोरीहो, किती दिसानं येते तुमची?” एवढंच विचारावं. एकीची तेवीस, दुसरीची चाळीस, तिसरीची दोन महिने आलीच नाही. एकटीला आपला दोष वाटत होता, तो सगळ्यांचाच निघतो. भाषणातून सरासरी कळते. गोलात सरासरीभोवतीचा पसारा दिसतो.

हा पसारा येतो कुठून? मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या इशाऱ्यानं अंडाशयात स्त्रीबीज वाढू लागतं आणि त्याच्याभोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन हे संप्रेरक बनवतात. हे इस्ट्रोजेन उलट पिट्युटरीलाच आवरतं. टाकी भरली की फ्लोट नळ बंद करतो ना, तसं. गंमत पुढेच आहे. इस्ट्रोजेन खूप चढून साधारण दोन दिवस तिथंच टिकलं, की हाच फ्लोट उलटा वागतो आणि नळ धो धो सुटतो. एलएच या संप्रेरकाची लाट येते, सुमारे दीड दिवसात बीज बाहेर पडतं. आवरणाराच ढकलू लागतो! पण ही कलाटणी नव्या यंत्रणेला लगेच साधत नाही. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोनेक वर्षं ती अनेकदा हुकते. बीज सुटलं नाही, की त्यानंतर तयार होणारं प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरकही नाही. ते असतं तर साधारण चौदा दिवसांनी ओसरलं असतं आणि गर्भाशयाचं अस्तर एकदम गळलं असतं. ते नसलं की इस्ट्रोजेनवर अस्तर नुसतं वाढत राहतं आणि मग कधीही, तुकड्यातुकड्यानं सुटतं. म्हणून कधी ४५ दिवसांचा खंड, कधी भरमसाट रक्त.

यात ‘घाण रक्त’ कुठेच नाही. लोणचं नासतं ते ओल्या चमच्यानं. अर्थात भोळेपणा फक्त आजीचाच नव्हता: १९२० मध्ये व्हिएन्नाचे डॉक्टर बेला शिक यांनीही पाळीतल्या बाईच्या हातात फुलं कोमेजतात म्हणून ‘मेनोटॉक्सिन’ नावाचं विष कल्पिलं होतं. ते टिकलं नाही.

गप्प बसण्याची किंमत मात्र मोजलेली आहे. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या.

गोलाचीही एक खोड आहे. “अगं, माझंही तसंच” या दिलाशात एखादीचं खरं दुखणं झाकलं जातं. तीन महिन्यांवर खंड, सात दिवसांवर रक्त जाणं, तासा-दोन तासाला कपडा भिजणं, वयाची पंधरा वर्षं उलटूनही पाळी न येणं, यांत डॉक्टर गाठायचाच. जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन आधी तपासून घ्यावं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून असते. कमी झालेलं भरून काढायला ती पुरत नाही.