जिल्हा वृत्तपत्रे (महाराष्ट्र)

जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या गावी निघणारी आणि मुख्यतः त्याच टापूत वाचली जाणारी दैनिके व साप्ताहिके. मराठी वृत्तपत्रांचा इतिहास बहुधा मुंबई-पुण्यापुरताच सांगितला जातो: बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ (६ जानेवारी १८३२), मग ‘ज्ञानप्रकाश’ (१८४९), मग ‘केसरी’ (१८८१). ही मांडणी अपुरी आहे. रत्नागिरीत जनार्दन हरी आठल्ये यांनी १८५४ मध्येच ‘जगन्मित्र’ काढले होते आणि ‘बेळगाव समाचार’ १८६३ चे.

आरंभीच्या काळात संपादक, मुद्रक, प्रकाशक आणि मालक पुष्कळदा एकच असे. वर्गणी थकलेली असायचीच. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हस्तपत्रके छापून आलेल्या पैशांवर अंक निघे. ज्याच्याकडे खिळे (छपाईची अक्षरे), त्याचे पत्र, इतका हा हिशेब सरळ होता.

मुकुंदराव पाटील यांचे ‘दीनमित्र’ या परंपरेतले सर्वांत विलक्षण उदाहरण. सत्यशोधक विचारांचे हे साप्ताहिक १९१० मध्ये नगर जिल्ह्यातील सोमठाणे या खेड्यात सुरू झाले आणि पुढे तरवडीहून निघू लागले. मुकुंदराव हे ‘दीनबंधु’ (१८७७) काढणाऱ्या कृष्णराव भालेकरांचे पुत्र. शहर गाठण्याचा मोह टाळून त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ खेड्यातूनच शेतकऱ्यांची बाजू मांडली. ग्रामीण पत्रकारितेच्या इतिहासात त्यांना मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास जिल्ह्याजिल्ह्यांत घराण्यांची पत्रे स्थिरावली. कोल्हापुरात ग. गो. जाधव यांचा ‘पुढारी’, नाशकात पोतनीसांचा ‘गावकरी’. मालकी एका घरात असल्याने भूमिकेत सातत्य राही, पण मालकाचे राजकारणही अंकात उतरे.

मुद्रणालये व पुस्तकांच्या नोंदणीच्या १८६७ च्या कायद्याने मुद्रक व प्रकाशकाला दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापन करावे लागे. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात ‘हे पत्र अमुक यांनी अमुक मुद्रणालयात छापून तेथेच प्रसिद्ध केले’ अशी जी ओळ दिसते, ती याच कायद्याची देणगी. १९५६ पासून वृत्तपत्र निबंधकाचे कार्यालय आले. फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात मालकीचे निवेदन, म्हणजे ‘फॉर्म ४’, छापणे बंधनकारक झाले. त्यात मालकाचे नाव तर असेच. शिवाय एक टक्क्याहून अधिक भांडवल असलेल्या भागधारकांचीही नावे द्यावी लागत. पत्र कोणाचे हे जाणून घ्यायचे, तर अग्रलेखाच्या आधी हा चौकोन वाचावा.

१९७१ मध्ये ‘लोकमत’ नागपुरातून दैनिक झाले आणि पुढे जळगाव, औरंगाबाद अशा आवृत्त्या काढत गेले. नाना परुळेकरांनी १९३२ मध्ये पुण्यात सुरू केलेला ‘सकाळ’ही १९८० च्या दशकात पवार कुटुंबाकडे आला आणि पुण्याबाहेर विस्तारत गेला. ऑफसेट यंत्रे, रंगीत पाने आणि जिल्ह्यासाठी वेगळी पुरवणी यांमुळे वाचकाला गावची बातमी मोठ्या पत्रातच मिळू लागली. त्याचा फटका स्थानिक मालकांना बसला. कित्येक दैनिके चार पानांवर आली, काही सरकारी जाहिरातींपुरतीच उरली.

खरी अडचण जाहिरातीची. निविदा, ‘जाहीर नोटीस’, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि साखर कारखान्याच्या गळीत हंगामाची पानभर जाहिरात यांवर छोटे पत्र तगते. तालुक्याचा वार्ताहर पुष्कळदा अंकाचा एजंटही असतो आणि जाहिरातीच्या कमिशनवर जगतो. ज्या अध्यक्षाकडून सकाळी जाहिरात आणायची, त्याच्याच कारभारावर संध्याकाळी बातमी लिहायची, ही कसरत त्याच्या एकट्याच्या धैर्यावर सोडणे अन्यायाचे आहे. साखळी वृत्तपत्रांचे तालुका वार्ताहरही यातून सुटलेले नाहीत.

१ मार्च २०२४ पासून १८६७ च्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. दंडाधिकाऱ्यापुढचे प्रतिज्ञापन गेले. शीर्षक आणि नोंदणी आता ऑनलाइन एकत्रच मागता येतात. बंद पडलेल्या पत्रांच्या जुन्या फायली मात्र मालकांच्या वारसांकडे किंवा नगर वाचनालयांत पडून असतात. त्यांचा कागद पिवळा पडून कडेने तुटू लागलेला असतो, आणि दुष्काळ, नगरपालिकेच्या निवडणुका, बाजारभाव यांची त्या गावापुरती नोंद अनेकदा तेवढीच असते.