पॅच बर्डिंग : हिवाळ्याचा उत्तरार्ध

घराजवळची एकच जागा धरायची, तळं असो, टेकडी असो की नदीचा एखादा तुकडा, तिथंच वर्षानुवर्षं ठरावीक वेळी जायचं, ठरावीक वाटेनं फिरायचं आणि दर खेपेला काय दिसलं नि काय दिसलं नाही ते लिहून ठेवायचं, याला पक्षीनिरीक्षक मंडळी पॅच बर्डिंग म्हणतात. नवा पक्षी मिळवायला गाडी काढून लांब जाण्याच्या बरोबर उलट हा प्रकार. या नोंदीत मुख्यतः संक्रांत ते गुढीपाडवा एवढाच काळ घेतलाय, आणि उदाहरण म्हणून पुण्याजवळचं कवडीपाट.

प्रथा कुठून आली यावर एकमत नाही. बरेच जण इंग्लंडमधल्या सेलबर्नच्या गिल्बर्ट व्हाइटकडे बोट दाखवतात. हा पाद्री आपल्याच गावाच्या शिवारात फिरून टिपणं काढायचा, ती 1789 मध्ये छापली गेली, आणि दिसायला जवळपास सारखे असणारे तीन वटवटे (छोटे किडेखाऊ पक्षी) त्यानं आवाजावरून वेगळे केले ते एकाच जागी वर्षानुवर्षं कान दिल्यामुळेच. दुसरं मत असं की व्हाइट हा निसर्ग-अभ्यासक होता, आजच्या अर्थानं पॅच सांभाळणारा नव्हे, आणि आत्ताची पद्धत, म्हणजे ठरलेली हद्द, पॅचची वेगळी यादी वगैरे, विसाव्या शतकातल्या ब्रिटिश हौशी मंडळींनी रुजवली असावी. आम्हाला दुसरं मत जास्त पटतं, पण पाखरांचं येणं-जाणं तारखेसकट टिपायची सवय व्हाइटनं पद्धतशीर पाळली हेही खरं. 2002 मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं ईबर्ड हे पक्षीनोंदींचं संकेतस्थळ आपल्याकडे पसरल्यावर आणि मोबाइलवर चेकलिस्ट भरता यायला लागल्यावर याला जोर आला. त्याआधी वह्या होत्याच.

हिवाळ्याचा उत्तरार्धच का, तर नोव्हेंबर-डिसेंबरात पाहुणे, म्हणजे स्थलांतर करून येणारे पक्षी, आलेले असतात आणि बसलेले असतात, रोज साधारण तेच चित्र. जानेवारी सरला की सगळंच हलायला लागतं. पानगळीनं झाडं उघडी पडतात, तांबटाची टुकटुक वाढते, शिंजीर नराचे मळके ठिपके जाऊन तो परत झळझळीत जांभळा होतो, पळस-पांगारा-काटेसावर फुलली की भोरड्यांचे थवे त्यावर तुटून पडतात, आणि दुसरीकडे पाहुणे पक्षी पिसं बदलून निघायची तयारी करतात. एकदाच जाणाऱ्याला यातलं एक चित्र मिळतं, दर आठवड्याला जाणाऱ्याला बदल मिळतो.

कवडीपाट पुण्याच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्यानं विसेक किलोमीटरवर, मुळा-मुठेवर आहे. जुना बुटका दगडी बंधारा, वर साठलेलं पाणी, खाली खडक आणि उथळ खळखळ. शहराचं सांडपाणी इथूनच भीमेकडे जातं त्यामुळे फेस, वास, प्लास्टिक, निर्माल्य सगळं बंधाऱ्याला अडकलेलं असतं, आणि त्याच घाणीवर पोसलेल्या किड्या-अळ्यांवर शेकाटे, तुताऱ्या आणि धोबी हे काठावरचे पक्षी चरत असतात. नदीची ही अवस्था वाईटच आहे, पक्षी भरपूर दिसतात म्हणून पाणी चांगलं आहे असा अर्थ कुणी काढू नये. फोटोवाले येतात ते बहुतेक चक्रवाकांसाठी. पॅचवाल्यानं मात्र धोब्यांकडे बघावं असं आमचं आग्रहाचं मत आहे.

कारण धोब्यांचा प्रश्न दख्खनचाच आहे. कर्नल साइक्स या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यानं 1832 मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, त्यात त्यानं इथल्या पांढऱ्या धोब्याला दुखुनेन्सिस हे नाव दिलं, दख्खनवरूनच. आज हा पांढऱ्या धोब्याचा एक उपप्रकार मानतात, किंवा मानत नाहीत. वाद असा आहे की सायबेरियाच्या पश्चिम भागात वीण करून इकडे येणारा हा धोबी युरोपातल्या अल्बा या उपप्रकाराहून खरंच वेगळा आहे का. वेगळा मानणारे म्हणतात पाठ जरा फिकट राखाडी आणि पंखावरच्या पांढऱ्या दोन पट्ट्या मिळून एकच मोठा पांढरा डाग होतो, एकत्र करणारे म्हणतात हे फरक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू बदलत जातात, मधे रेघ मारता येत नाही. अलीकडच्या बऱ्याच याद्यांचा कल एकत्र करण्याकडे दिसतो आणि तो बहुधा बरोबर असावा. त्याच बंधाऱ्यावर मध्य आशियातून येणारा पर्सोनाटा हा उपप्रकार पण असतो, त्याच्याबद्दल मात्र फारसा वाद नाही, वीणीच्या पिसाऱ्यात डोकं-गळा काळा आणि चेहऱ्याभोवती पांढरा मुखवटा.

आता इथं हंगामाची खरी गंमत आहे. ऐन थंडीत पांढऱ्या धोब्याचा गळा पांढरा असतो, खाली छातीवर काळी कोर. फेब्रुवारीत हनुवटीखाली एकेक काळं पीस उगवायला लागतं, दुर्बिणीतून ते चार दिवस न केलेल्या दाढीसारखं दिसतं, आणि मार्चपर्यंत बऱ्याच नरांचा गळा पूर्ण काळा होतो. म्हणजे डोकं-गळा बघून पर्सोनाटा वेगळा काढायला हा सगळ्यात सोपा काळ. पण तोवर पंखाच्या जुन्या पिसांच्या पांढऱ्या कडा झिजलेल्या असतात, त्यामुळे दुखुनेन्सिस की अल्बा हे पंखावरून ठरवायला हाच काळ वाईट. म्हणून ज्याला हा प्रश्न धरायचाय त्यानं डिसेंबरात पंखांचे फोटो काढावेत आणि फेब्रुवारी-मार्चात गळ्याचे, आणि असं दोन्ही वेळा होणं फक्त पॅचवरच शक्य आहे. पिवळ्या धोब्यांचंही तसंच, जानेवारीत सगळे मळकट आणि ओळखू न येणारे, मार्चात नरांची डोकी राखाडी, काळी किंवा फिकट निळसर होऊन उपप्रकार उलगडतात. माद्या आणि पहिल्या वर्षाची पाखरं तेव्हाही नुसता पिवळा धोबी एवढंच लिहून सोडलेली बरी. पाठ काळी असलेला मोठा धोबी इथलाच रहिवासी, त्याला यात ओढू नये.

नोंदीच्या पद्धतीत सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे जाण्याची तारीख. पक्षी आला हे त्याच दिवशी कळतं. गेला हे नंतर, दोन-तीन खेपा रिकाम्या गेल्यावर कळतं, म्हणून चक्रवाक दिसायचे थांबले की पॅचवर जायचं थांबवणारा माणूस शेवटची तारीख चुकीची लिहितो. फक्त रविवारी जाणाऱ्याच्या तारखेत आठवड्याभराची ढिलाई धरावीच लागते. दख्खनवर बदकं साधारण मार्चअखेरपर्यंत पातळ होतात, भोरड्या आणि पिवळे धोबी त्यानंतरही रेंगाळतात, पण वर्षावर्षात फरक पडतो. त्याच सुमारास रहिवाशांची लगबग सुरू होते, टिटव्या आणि कंठेरी चिखल्या जोडीनं फिरतात, चिखल्याच्या डोळ्याभोवतीचं पिवळं कडं ठसठशीत होतं.

टेकडीच्या किंवा माळरानाच्या पॅचलाही हेच लागू, फक्त पाण्याऐवजी फुललेली झाडं धरायची. कोकणात खाडी.

देशभराच्या मोठ्या मोजण्या याला पूर्णपणे पर्याय होत नाहीत. पाणपक्ष्यांची आशियाई गणना, जी 1987 पासून चालते, ती जानेवारीत होते, आणि ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, ज्यात भारत 2013 पासून आहे, तो फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस. दोन्ही परतीची लाट पूर्ण ओसरायच्या आधीच उरकतात. शिवाय कवडीपाटसारख्या ठिकाणी ऊन वाढलं की जलपर्णी पसरते, मग बदकं उत्तरेला गेली म्हणून दिसत नाहीत की उघडं पाणीच उरलं नाही म्हणून नदीवरच पुढे सरकली हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. त्यामुळे पक्ष्यांच्या रकान्याशेजारी पाण्याचा रकाना ठेवावा, बंधाऱ्याच्या वर किती पाणी उघडं आहे, पाव, अर्धं की काहीच नाही, एवढं लिहिलं तरी चालतं.