एका नाण्यापुरता सम्राट

इ. स. २७१च्या आसपास रोमन साम्राज्यात डोमिशियानस नावाचा एक सम्राट होऊन गेला. पहिल्या शतकातला प्रसिद्ध डोमिशियन वेगळा. या आपल्या डोमिशियानसबद्दल जुन्या ग्रंथांत जेमतेम दोन उल्लेख सापडतात: कुणा लढाईतला सेनापती आणि ऑरेलियन सम्राटाविरुद्ध बंड करणारा एक इसम. तो गादीवर बसला होता, असं त्यांत कुठेही नाही. ते सांगितलं नाण्यांनी.

तो काळच तसा होता. इ. स. २३५ ते २८४ या जेमतेम पन्नास वर्षांत रोमने वीसहून अधिक सम्राट पाहिले आणि त्यांतले बहुतेक आपल्याच सैनिकांच्या हातून मेले. २६०मध्ये सम्राट व्हॅलेरियनला इराणच्या शापूरने जिवंत पकडलं. त्याच वर्षी पोस्तुमस या सेनापतीने ऱ्हाइनच्या सीमेवर वेगळी चूल मांडली. गॉल (आजचा फ्रान्स आणि आसपासचा मुलूख), ब्रिटन आणि काही काळ स्पेन असा पश्चिमेचा मोठा तुकडा त्याच्याकडे गेला. पुढे त्याच्या गादीवर बसलेल्या व्हिक्टोरिनसचा खून झाला. त्यानंतर टेट्रिकस आला. पण या दोघांच्या अधेमधे कुठेतरी डोमिशियानसने डाव साधला असावा.

सत्ता हाती आली की पहिलं काम नाणी पाडण्याचं. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी होन आणि शिवराई पाडली, त्यामागचा अर्थ आपल्याला सांगावा लागत नाही. रोममध्ये त्यात एक रोकडा हिशेबही असे: सैनिकांचा पगार. डोमिशियानसच्या नाण्यावर दाढीवाला, किरणांचा मुकुट घातलेला चेहरा आहे आणि मागच्या बाजूला ‘सैन्याची एकजूट’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरं. त्या काळात ही घोषणा नाण्यावर दिसली की सैन्यात फूट आहे, असं मी खुशाल समजतो.

यातलं पहिलं नाणं १९००मध्ये फ्रान्समधल्या नांतजवळ, नाण्यांच्या एका मोठ्या साठ्यात मिळालं. ज्या सम्राटाची गादी कुणाला ठाऊक नाही त्याचं एकुलतं एक नाणं! अभ्यासकांनी ते बनावट ठरवून बाजूला टाकलं आणि त्यांचा संशय अगदीच गैर नव्हता.

मग २००३ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या चॅलग्रोव्ह गावी मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या एकाला मातीचं मडकं सापडलं. आत सुमारे पाच हजार नाणी होती. शतकानुशतकांच्या गंजाने ती एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता. ब्रिटिश म्युझियममध्ये ती सुटी करताना एकावर पुन्हा तोच चेहरा, तेच नाव दिसलं.

खरी गंमत पुढे आहे. रोमन टाकसाळीत धातूची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वर हातोडा मारत. प्रत्येक ठसा कारागीर हाताने कोरायचा, त्यामुळे अक्षरांतलं अंतर, दाढीची वळणं, मुकुटाची टोकं दर ठशात थोडी बदलतात. नांतचं आणि चॅलग्रोव्हचं नाणं शेजारी ठेवल्यावर कळलं, की दोन्ही एकाच ठशांच्या जोडीतून पाडलेली आहेत. गंजलेल्या गोळ्याच्या आत १९००च्या आधीचा कोणी ठग नाणं कसं घुसवणार? शंभर वर्षं बदनाम असलेलं पहिलं नाणं असं दुसऱ्याच्या साक्षीने सुटलं. शिवाय कोरीवकाम व्हिक्टोरिनस-टेट्रिकसच्या नाण्यांच्या घराण्यातलं आहे; म्हणजे थोडे दिवस का होईना, अधिकृत टाकसाळ त्याच्या हाती असणार. पुढे २७४मध्ये ऑरेलियनने टेट्रिकसला हरवून तो तुकडा परत जोडला आणि टेट्रिकसला, नवल म्हणजे, ठार न करता इटलीत अधिकारपद दिलं.

प्रत्येक वेळी असा साक्षीदार मिळत नाही. ट्रान्सिल्व्हेनियात (आजच्या रोमानियात) १७१३मध्ये सापडलेल्या सोन्याच्या नाण्यांवर ‘स्पॉन्सियन’ हे नाव आहे. हा सम्राट तर कुठल्याच ग्रंथात नाही. एकोणिसाव्या शतकात ही नाणी बनावट ठरली. २०२२मध्ये काही शास्त्रज्ञांनी ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयातलं नाणं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. वापरामुळे पडलेले ओरखडे आणि चिकटून घट्ट झालेली माती पाहून त्यांनी ते अस्सल म्हटलं. अनेक नाणेतज्ज्ञांना हे पटलेलं नाही. ही नाणी ठशाने पाडलेली नसून साच्यात ओतलेली आहेत आणि मागचं चित्र त्या काळाच्याही सुमारे चारशे वर्षं आधीच्या रोमन नाण्यावरून उचललेलं आहे. ओरखडे आणि माती नाण्याचं वय सुचवतात, पण तेवढ्यावरून सम्राट सिद्ध होत नाही. मला विरोधकांची बाजू जड वाटते. स्पॉन्सियनची ज्ञात नाणी त्या एकाच जुन्या घबाडाशी जोडली जातात. चॅलग्रोव्हसारखं मडकं त्याच्या वाट्याला अजून आलेलं नाही.