धक्का-वाटप समस्या

कंटेनर बंदरात येणारे कोणते जहाज केव्हा आणि धक्क्याच्या कोणत्या भागाला लावायचे, हे गणिती पद्धतीने ठरविण्याची समस्या. बंदरव्यवहारात ‘बर्थ वाटप’ हा शब्द रूढ आहे. ऑपरेशन्स रिसर्च या, उपलब्ध साधनांचे नियोजन गणिताने करण्याच्या शास्त्रात तिचा अभ्यास होतो.

समस्येचा आरंभ कोणापासून मानावा, याबद्दल मतभेद संभवतो. लाय आणि शि यांनी १९९२ मध्ये कंटेनर धक्क्यांच्या वाटपाचे निरनिराळे नियम तपासले. ब्राउन, लॉफाँगपानिच आणि थर्मन यांचा १९९४ मधील लेख गणिती प्रारूपाच्या दृष्टीने अधिक काटेकोर आहे. मात्र तो नौदलाच्या जहाजांविषयी आहे. नौदलाच्या तळावर जहाज एका जागेवरून दुसरीकडे हलविता येते. व्यापारी जहाजावर काम सुरू झाले की ते हलविणे सहसा परवडत नाही. म्हणून इमाई आणि सहकाऱ्यांच्या १९९७ मधील लेखापासून आजच्या अर्थाने या समस्येचा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १९९८ मध्ये लिम यांनी तिचे एक रूप एनपी-पूर्ण असल्याचे दाखविले. आकार वाढला तरी आटोपशीर वेळेत नेमके उत्तर देईल अशी रीत अशा समस्यांसाठी ज्ञात नाही.

‘आधी येईल त्याला आधी जागा’ हा नियम न्याय्य दिसला, तरी त्याने एकूण खोळंबा वाढू शकतो. एकाच धक्क्यासाठी दोन जहाजे थांबलेली आहेत. एकाचे काम २० तासांचे, दुसऱ्याचे ४ तासांचे आहे. मोठे आधी लावले तर दोघांचा बंदरातील वेळ मिळून २० + २४ = ४४ तास होतो; लहान आधी लावले तर ४ + २४ = २८ तास. मात्र मोठ्या जहाजाला मागे ठेवणे व्यापारी करारांत बसत नसेल, तर प्रत्येक जहाजाला वेगळे भारमूल्य (त्याचे महत्त्व दर्शविणारा आकडा) द्यावे लागते.

सर्व जहाजे आधीच हजर असतील, धक्के ठरावीक तुकड्यांत विभागलेले असतील आणि सर्व जहाजांना सारखेच महत्त्व असेल, तर समस्या नेमणूक-समस्येत (एका गटातील प्रत्येकाची दुसऱ्या गटातील एकाशी कमीत कमी खर्चात जोडी लावणे) रूपांतरित होते व सहज सुटते. इमाई, निशिमुरा आणि पापादिमित्रिऊ यांनी २००१ मध्ये पुढे यावयाच्या जहाजांचाही विचार केला, आणि ही सुलभता नाहीशी झाली. धक्का सलग मानला तर आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर धक्क्याची लांबी घेतात. प्रत्येक जहाज हा एक आयत असतो: एक बाजू जहाजाची लांबी (सुरक्षित अंतरासह), दुसरी कामाचा वेळ. आयत एकमेकांवर न चढता बसवायचे असतात. सलग धक्क्यावर जागा कमी वाया जाते, पण गणित अवघड होते. मोठ्या जहाजांची लांबी आता सुमारे ४०० मीटर असल्याने जुने ठरावीक तुकडे अपुरे पडतात.

आयताची काळाची बाजूही स्थिर नसते. निर्यातीचे कंटेनर यार्डात (बंदरातील साठवणीच्या आवारात) ज्या ठिकाणी रचलेले असतात, त्यापासून जहाज दूर लागले तर वाहतूक लांबते. किती क्रेन दिल्या यावरही वेळ अवलंबून असतो. पण क्रेन दुप्पट केल्या म्हणून वेळ निम्मा होतोच असे नाही. एकाच रुळांवर चालत असल्याने त्या एकमेकींना ओलांडूही शकत नाहीत. पार्क आणि किम यांनी २००३ मध्ये धक्का व क्रेन यांचे नियोजन एकत्र मांडले. खोल डूब (पाण्याखाली राहणाऱ्या भागाची खोली) असलेल्या जहाजांना काही बंदरांत भरतीचीच वाट पाहावी लागते.

उत्तर शोधण्यासाठी लहान उदाहरणांत पूर्णांक प्रोग्रामन (चल राशींना पूर्णांक किमतीच देऊन सर्वोत्तम उत्तर काढण्याची रीत) वापरतात. मोठ्यांसाठी जनुकीय अल्गोरिदम, कृत्रिम अनीलन, टॅबू शोध इत्यादी अदमासी पद्धती आहेत; त्या सर्वोत्तम उत्तराची हमी न देता चांगले उत्तर लवकर शोधतात. कोर्दो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये इटलीतील जोया ताउरो बंदराच्या संदर्भात टॅबू शोध वापरला. बियरविर्थ आणि मायझेल यांनी २०१० मध्ये केलेले या समस्येच्या प्रकारांचे वर्गीकरण अभ्यासकांत बरेच स्वीकारले गेले आहे.

जहाज उशिरा आले तर काटेकोर आराखडा कोलमडतो, म्हणून दोन आयतांमध्ये मोकळा वेळ ठेवतात. तो फार ठेवला तर धक्का रिकामा राहतो. जहाजाला धक्का मोकळा होण्याची वेळ आधी कळविल्यास ते वेग कमी करू शकते. दर तासाचा इंधनखर्च वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने ही बचत मोठी ठरते.