रोहितच्या ताटातला अदृश्य वाटेकरी

ऐरोलीहून ठाणे खाडीत निघणाऱ्या बोटीत एक प्रश्न हमखास येतो: एवढे पक्षी त्या चिखलात खातात तरी काय? आमच्या फेरीत एका आजींनी तो विचारला आणि नावाड्याने मान न वळवता उत्तर दिलं, "शेवाळ. त्यानंच गुलाबी होतात."

उत्तर बरोबर. छोटा रोहित, म्हणजे छोटा फ्लेमिंगो, चोच उलटी धरून पाणी गाळतो आणि त्यातलं सूक्ष्म नीलहरित शेवाळ गिळतो. त्यातल्या रंगद्रव्यांनी पिसं रंगतात. फक्त हे 'शेवाळ' वनस्पती नाही, सूर्यप्रकाशावर जगणारे जीवाणू आहेत. आणि जीवाणू म्हटले की त्यांच्या मागावर विषाणू आलेच.

किती? समुद्राचं चमचाभर पाणी घ्या. ढोबळमानाने त्यात ५० लाख जीवाणू असतात आणि ५ कोटी विषाणू. १९८९ पर्यंत हा आकडा कुणाच्या गावीही नव्हता, कारण प्रयोगशाळेतल्या बशीत वाढणाऱ्या जीवाणूंवरूनच विषाणू मोजले जायचे, आणि समुद्रातले बहुतेक जीवाणू बशीत वाढतच नाहीत. नॉर्वेतल्या संशोधकांनी पाण्यातले कण थेट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा कुठे ही गर्दी दिसली. आज सगळ्या समुद्रांतल्या विषाणूंची संख्या एकावर तीस शून्ये इतकी धरतात.

यातले बहुतेक 'फाज', म्हणजे फक्त जीवाणूंना ग्रासणारे. माणसाच्या पेशीशी त्यांना देणंघेणं नाही. जीवाणूंतही ते भलते चोखंदळ. एकाला चालणारा जीवाणू दुसऱ्याला चालेलच असं नाही. फाज जीवाणूला चिकटतो, आपली जनुकं आत सोडतो, त्याच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या डझनावारी प्रती करून घेतो आणि शेवटी त्याला फोडून बाहेर पडतो. समुद्रातल्या जीवाणूंपैकी सुमारे पाचवा हिस्सा दररोज असा फुटतो, असा अंदाज आहे.

खरी गंमत फुटल्यानंतर आहे. शाळेत शिकलेली अन्नसाखळी आठवा: सूक्ष्मजीव, त्यांना खाणारे बारीक प्राणी, मग जवळा, मग मासा, मग कोळ्याचं जाळं. अन्न वर वर चढत जातं. पण फुटलेल्या जीवाणूला कुणी गिळू शकत नाही, त्याचं पाण्यात कालवण झालेलं असतं. ते कालवण दुसरे जीवाणू पितात, वाढतात, आणि तेही फुटतात. अन्न वर जायचं सोडून तळातच घोळत राहतं. विल्हेल्म आणि सटल या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये याला 'व्हायरल शंट' म्हटलं. मी आपला 'आडवाट' म्हणतो. ही आडवाट नुसती नासाडी नाही. त्या कालवणातलं नायट्रोजन, फॉस्फरस, लोह नव्या शेवाळाला खत म्हणून मिळतं. शिवाय जो जीवाणू माजतो त्यालाच फाजची गाठ जास्त पडते, त्यामुळे एकट्याचं राज्य टिकत नाही आणि दुबळ्या जातींनाही जागा उरते.

काही फाज तर इतके बेरकी, की प्रकाशसंश्लेषणाचं जनुक सोबत घेऊन फिरतात. ग्रासलेल्या जीवाणूची ऊर्जा तयार करणारी यंत्रणा मरायला टेकली, की हे स्वतःच्या जनुकाने ती चालू ठेवतात. आपल्या प्रती पूर्ण होईपर्यंत. २००३ मध्ये हे कळलं तेव्हा मला वाटतं जीवशास्त्रज्ञांनाही थोडं हसू आलं असेल.

आता रोहितकडे. केनियातलं नाकुरू हे खारं सरोवर छोट्या रोहितसाठी जगप्रसिद्ध. तिथे त्यांचं मुख्य अन्न आर्थ्रोस्पायरा, म्हणजे आपण स्पिरुलिना म्हणून गोळ्या घेतो त्याच कुळातला जीवाणू. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं, की फाजची लागण वाढली, आर्थ्रोस्पायरा ओसरला आणि पाठोपाठ पक्षीही सरोवरावरून कमी झाले. पक्ष्यांना रोग झाला नव्हता. ताटातलं अन्न त्यांच्याआधी दुसऱ्या कुणीतरी फोडून टाकलं होतं.

ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ मधलं, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथल्या फलकांवर रोहित आहे, कांदळवन आहे, निवटी आहे. फाज नाही. रंगवणार तरी कसा, म्हणा.

हे सगळं मी बोटीत आजींना सांगितलं. त्यांनी भुवया उंचावल्या. "मग आपल्या खाडीतपण असेल का तो?"

"असणारच. जिथे जीवाणू, तिथे फाज."

बोटीने वळण घेतलं, पाणी उडालं. त्यांच्या मनगटावर एक थेंब पडला. चमचाभर पाण्याच्या हिशोबाने त्यात चार-पाच लाख असतील, असं मी सांगितलं, तर त्यांनी तो पदराला पुसला.