पाऊण मिनिटाच्या गाण्यावरून चाळीस वर्षांचं भांडण

हार्डकोर पंकमधलं, म्हणजे पंक रॉकच्या जास्त वेगवान आणि आक्रमक प्रकारातलं, सगळ्यात भारी गाणं कोणतं, हा वाद सुरू झाला की थोड्याच वेळात तो ‘पहिलं कोणतं’ यावर घसरतो. त्याला कारण आहे. ही गाणी रेडिओवर फारशी वाजली नाहीत, खपाच्या यादीतही आली नाहीत. रेकॉर्डच्या थोड्याशा प्रती निघायच्या आणि हातोहात फिरायच्या. मोजायला आकडाच नाही, तर मोठेपण ठरवायचं कशावर? आधी कोणी केलं आणि ते ऐकून पुढे किती पोरांनी बँड काढले, यावर.

कॅलिफोर्नियावाले हर्मोसा बीचच्या ‘ब्लॅक फ्लॅग’चं नाव पुढे करतात. ‘नर्व्हस ब्रेकडाउन’ त्यांनी जानेवारी १९७८ मध्ये रेकॉर्ड केलं आणि सुमारे वर्षभरानं स्वतःच बाजारात आणलं. रेकॉर्डवर चार गाणी, सगळी मिळून साधारण पाच मिनिटं. गिटारवादक ग्रेग गिनचा हॅम रेडिओच्या (हौशी बिनतारी संदेशवहनाच्या) सामानाचा धंदा होता, त्याचंच ‘एसएसटी’ हे नाव त्यानं रेकॉर्ड कंपनीला लावलं. नुसता वेग बघायचा तर त्याच सुमाराचं ‘मिडल क्लास’ या बँडचं ‘आउट ऑफ व्होग’ जास्त सुसाट आहे, पण त्याचं नाव जाणकारांपुरतंच राहिलं.

वॉशिंग्टनवाल्यांचं उत्तर एकच: ‘बॅड ब्रेन्स’. चौघे कृष्णवर्णीय वादक, आधी जॅझ-फ्यूजन वाजवणारे. त्यांचं ‘पे टू कम’ १९८० मध्ये आलं, लांबी दीड मिनिटाच्या आसपास. इतरांच्या वेगात वाद्यांची खिचडी होते. इथे गाडी फुल स्पीडला असूनही प्रत्येक ठोका जागच्या जागी. ‘सर्वोत्तम’ विचाराल तर माझं मत यालाच. गंमत म्हणजे या बँडचा ‘पीएमए’ हा मंत्र, म्हणजे सकारात्मक मनोवृत्ती, नेपोलियन हिलच्या ‘थिंक अँड ग्रो रिच’च्या विचारातून आलेला. आपल्याकडे स्टेशनवरच्या स्टॉलवर ज्याचा मराठी अनुवाद मिळतो, तेच पुस्तक!

ब्रिटनमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटच्या ‘डिस्चार्ज’नं १९८२ च्या अल्बममधून जो ड्रमचा ठेका रुळवला, त्याला बँडच्या आद्याक्षरावरून ‘डी-बीट’च म्हणतात. ‘मेटॅलिका’ या हेवी मेटल बँडनं १९९८ मध्ये त्यांची दोन गाणी पुन्हा वाजवली. मेटलवाले या वादात उतरतात ते याच दारातून.

पण ‘प्रभावी’ हा शब्द आला की गाडी वॉशिंग्टनच्याच ‘मायनर थ्रेट’ या बँडच्या ‘स्ट्रेट एज’वर येऊन थांबते. १९८१ चं, जेमतेम पाऊण मिनिटाचं गाणं. त्याची सुरुवात हातावरच्या खुणेपासून झाली. १९८० मध्ये ‘मायनर थ्रेट’चा गायक इयन मॅकाय याचा आधीचा बँड ‘टीन आयडल्स’ सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्स क्लबमध्ये गेला. पोरं दारू पिण्याच्या वयाची नव्हती, म्हणून दारात त्यांच्या हाताच्या पाठीवर काळ्या मार्करनं मोठी फुली मारली. बारवाल्यानं ती बघून दारू द्यायची नाही. वॉशिंग्टनला परतल्यावर तिथल्या क्लबला त्यांनी हीच युक्ती सुचवली: फुली मारा, पण आम्हाला आत सोडा. बँड मोडला तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले सहाशेच्या आसपास डॉलर होते. ते वाटून न घेता त्यांनी रेकॉर्ड काढली, कव्हरं हातानं कापून, दुमडून चिकटवली. त्या कव्हरवर फुल्या मारलेले दोन हात. ‘डिस्कॉर्ड’ कंपनीचा तो नारळ.

मॅकायनं पुढच्या बँडसाठी ‘स्ट्रेट एज’ लिहिलं ते स्वतःपुरतं: मी नशा करत नाही, मला त्याची गरज नाही. ऐकणाऱ्यांनी त्याचा पंथ केला. बॉस्टनमध्ये तर काही पोरं दारू पिणाऱ्यांशी मारामारीवर उतरली. फुली ही कपाळाच्या गंधासारखी ओळखीची खूण झाली.

‘आउट ऑफ स्टेप’ या ‘मायनर थ्रेट’च्या आणखी एका गाण्यावरून तर बँडमध्येच वाजलं. ‘पीत नाही’ म्हणताना मराठीत क्रियापदावरून कळतं की हे सांगणं आहे, ‘पिऊ नका’ नव्हे. इंग्रजीत, या गाण्यात गाळलाय तसा, ‘मी’ गाळला की तेच शब्द हुकूम होतात. ड्रमर जेफ नेल्सनचा आग्रह होता की ‘मी’ दिसलाच पाहिजे. शेवटी छापील शब्दांत तो कंसात आला, आणि १९८३ च्या रेकॉर्डिंगमध्ये मॅकाय गाणं मध्येच थांबवल्यासारखं करून बोलून सांगतो की हे नियम नाहीत.