चांगुलपणा पुढे सरकतो, तो कशामुळे?

नाशिकच्या निमाणी स्थानकाहून सुटलेल्या सिटीलिंक या शहर बसमध्ये एखाद्याकडे तिकिटापुरते सुट्टे नसतात आणि मागच्या सीटवरच्या बाई न विचारता पाचाचं नाणं पुढे करतात. ते नाणं त्यांना परत मिळणार नाही. दोघांची पुन्हा गाठ पडेल असंही नाही. पण बसमधून उतरल्यावर तो माणूस दुसऱ्या कुणासाठी थांबेल का? मानसशास्त्रज्ञांनी हे प्रत्यक्ष मोजून पाहिलं आहे. चांगुलपणा पुढे सरकतो, पण लगेच संधी मिळाली तर.

१९६७ साली जेम्स ब्रायन आणि मेरी अॅन टेस्ट यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिसमध्ये रस्त्याकडेला पंक्चर झालेल्या गाडीपाशी एक तरुणी उभी केली होती. एका फेरीत तिच्या सुमारे ४०० मीटर आधी दुसरी गाडी ठेवली; तिथे एक माणूस कुणाला तरी चाक बदलून देताना दिसत होता. दुसऱ्या फेरीत हे दृश्य नव्हतं. प्रत्येक फेरीत २,००० वाहनं मोजली. दृश्य नसताना ३५ वाहनं थांबली, असताना ५८. दोन हजारांत ५८ म्हणजे फार नव्हे. तरी या चालकांवर कुणी उपकार केलेले नव्हते, कुणाचं ऋण फेडायचं नव्हतं. मदत होताना नुसती दिसली, एवढंच झालं.

हा परिणाम टिकतो किती? अॅलिस आयझेन आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लोकांना घरोघरी जाऊन लेखनसाहित्याचा छोटा नमुना भेट दिला आणि नंतर वेगवेगळ्या अंतराने त्यांच्याकडे 'चुकून लागलेला' फोन केला. 'माझ्याकडचं शेवटचं नाणं संपलं, माझ्यासाठी एक निरोप कळवाल का?' अशी विनंती असायची. भेटीनंतर काही मिनिटांत फोन आला, तर बहुतेक लोक तयार व्हायचे. वीस मिनिटं उलटल्यावर भेट मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत फारसा फरक उरत नसे. म्हणून कुणी आपल्याला मदत केली तर पुढची मदत 'कधीतरी' वर टाकू नये. त्याच फेरीत, त्याच रांगेत कुणाला गरज आहे का ते पाहावं.

मुळात सुरुवातच कमी का होते, याचं उत्तर मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात शिकागोच्या एका बागेत बर्फावर स्केटिंग करायला आलेल्यांना गरम चॉकलेटचा कप स्वतःसाठी ठेवायची किंवा अनोळखी माणसाला द्यायची मुभा दिली; बहुतेकांनी तो दिला. घेणाऱ्याला किती आनंद होईल, याचा देणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी निघाला. देणारा कपाची किंमत मोजतो. घेणाऱ्याला मात्र 'कुणीतरी आपला विचार केला' हे जास्त भावतं. याच संशोधनात काहींना भेटवस्तू दुसऱ्या माणसाने दिली, काहींना तीच वस्तू प्रयोगाचा भाग म्हणून मिळाली. पुढे स्वतः आणि एक अनोळखी व्यक्ती यांच्यात १०० डॉलर वाटायची वेळ आली, तेव्हा माणसाकडून भेट मिळालेल्यांनी सरासरी सुमारे ४८ डॉलर दिले, इतरांनी सुमारे ४१.

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरला जातात. तेव्हा रस्त्याकडेला चहा-पाणी ठेवणाऱ्या मंडळांनी हे ध्यानात घ्यावं. नुसता माठ आणि साखळीने बांधलेला पेला ठेवून निघून जाऊ नका. पेला भरून हातात देणारा माणूस तिथे असू द्या.

अडथळेही आहेत. मिलेना त्स्वेत्कोवा आणि मायकेल मेसी यांच्या २०१४ च्या ऑनलाइन प्रयोगात स्वतःला मदत मिळालेले लोक पुढे अधिक मदत करत होते. पण आजूबाजूला खूप मदत चाललेली दिसली की नुसते पाहणारे उलट मागे राहिले, कारण 'इतरांनी केलंच आहे' असं वाटतं. त्याच वर्षी कर्ट ग्रे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उदारपणापेक्षा हावरटपणा जास्त जोराने पुढे जातो. कुणी आपल्याला काहीच दिलं नाही, याचा राग तिसऱ्यावर निघतो. द्वारका चौकात एकाने आडवी गाडी घातली की पुढचे चार जण कुणालाच वाट देत नाहीत, त्यामागे हेच असावं.

आणि घाई. डार्ली आणि बॅटसन यांच्या १९७३ च्या प्रयोगात ४० विद्यार्थी एका इमारतीतून दुसरीकडे निघाले. वाटेत एक माणूस वाकून बसला होता, खोकत, कण्हत होता. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, खूप उशीर झालेल्यांपैकी फक्त १०.

'इतरांनी केलंच आहे' या वाटण्यामुळे मदत मागण्याची पद्धतही ठरते. मुंबई-आग्रा महामार्गावर अपघात झाला आणि गर्दी जमली, तर 'कुणीतरी मदत करा' असं ओरडून उपयोग होत नाही. एकाकडे बोट दाखवून म्हणावं, "निळा शर्टवाले दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा." दुसऱ्याला गाड्या थांबवायला सांगावं. पोलिसांच्या चौकशीची भीती घालवायची असेल तर हेही सांगावं, की मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-अ जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं आणि नाव-पत्ता सांगण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही.